आधी विहीर विचारा

आमच्या तालुक्याच्या पेठेत पंपाच्या दुकानात कोणी शिरलं आणि ‘पाच एचपीची मोटर द्या’ म्हणालं, तर जाणता दुकानदार लगेच बिल फाडत नाही. विहीर किती परस, उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं, पाइप किती इंची, रान वर आहे की खाली, हे सगळं तो आधी विचारून घेतो. कारण एकाच एचपीच्या दोन मोटरी अगदी वेगळ्या निघू शकतात. एक पाणी उंच चढवते, पण धार बारीक. दुसरी भरपूर पाणी फेकते, पण चढ आला की धापा टाकते. दुकानदाराच्या भाषेत पहिलीचं ‘हेड’ जास्त, दुसरीचा ‘डिस्चार्ज’.

हेडफोनसाठी खिशात मावणारा ॲम्प्लिफायर घेताना मला हे दुकान आठवायला हवं होतं. मी मात्र एवढंच विचारलं, ‘‘सगळ्यात दणकट कोणता?’’

दणकट डबी घरी आली. माझ्या जुन्या सेनहायझर एचडी ६०० हेडफोनला जोडली आणि मी खूश झालो. दोन दिवसांनी भाची आली. तिच्याकडे कानात घट्ट बसणारे, एकेका कानात चार-चार चिमुकले ड्रायव्हर, म्हणजे इवलेसे स्पीकर, असलेले इअरफोन. तिने ते माझ्या डबीत खोचले, गाणं लावायच्या आधीच कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, ‘‘मामा, यात एसी चालू आहे का?’’

कान लावून पाहिलं. खरंच, आत अखंड ‘स्स्स’ चालू होतं. गाणं लावलं तर व्हॉल्यूमचा नॉब केसभर फिरवताच डाव्या कानात आवाज आला, उजवा गप्प. आणखी केसभर फिरवला तर दोन्ही कानांत इतका मोठा की तिने इअरफोन उपटून काढले. तीच डबी, तेच गाणं. माझ्या कानात सुख, तिच्या कानात छळ.

यातला दोष समजून घ्यायचा तर खोक्यावरचे दोन आकडे वाचावे लागतात. पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनने विजेला केलेला अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॅट वीज दिली की किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. बहुतेक लोक पहिला आकडा पाहून घाबरतात आणि दुसरा वाचतच नाहीत. खरं तर विहिरीची खोली दोन्ही मिळून ठरते.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा स्टुडिओत सर्रास दिसणारा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळत आला आहे. बाहेरून साधारण तेच ध्यान. फरक मुख्यतः आतल्या गुंडाळीत, म्हणजे तार किती बारीक आणि तिचे वेढे किती यात. कानाशी २० मिलिवॅट पोचवायचे असतील, तर ३२ ओहमवाल्याला साधारण ०.८ व्होल्ट पुरतात आणि २५० ओहमवाल्याला सव्वादोन व्होल्ट लागतात. ताकद तेवढीच, पण एकाला जास्त पाणी हवं आणि दुसऱ्याला जास्त चढ. मोठा ओहम म्हणजे ‘जड’ हेडफोन हा समज अर्धाच खरा आहे.

माझा एचडी ६०० हा १९९७ सालचा नमुना, ३०० ओहमचा, मिलिवॅटला साधारण ९७ डेसिबल देणारा. गाण्यात क्षणभर उसळणारा ठोका ११० डेसिबलपर्यंत विनासायास जावा असं धरलं (सरासरी आवाज त्याच्या बराच खाली असतो), तर त्याला २० मिलिवॅट लागतात. ही ताकद काहीच नाही. पण ती पोचवायला जवळजवळ अडीच व्होल्टचा दाब हवा, आणि फोनला लटकणारा साधा डोंगल एक व्होल्टच्या आसपास थकतो. म्हणून डोंगलवर सिनेमाची आजची ठासून भरलेली गाणी पुरेशी मोठी वाजतात, पण जुन्या मैफलीचं हळू आवाजात केलेलं ध्वनिमुद्रण लावलं की व्हॉल्यूमची पट्टी शेवटाला टेकते आणि आलाप तरी दूरच राहतो. इथे ॲम्प उपयोगी पडतो, तोही साधासा.

आता दुसरं टोक. हायफायमॅनचा एचई-६ हा चपट्या पडद्याचा, प्लॅनर जातीचा हेडफोन. इम्पिडन्स फक्त ५० ओहम, म्हणजे कागदावर एचडी ६०० पेक्षा कितीतरी सोपा. पण मिलिवॅटला देतो अवघे साडेत्र्याऐंशी डेसिबल. त्याला त्याच ११० डेसिबलपर्यंत न्यायचं तर साधारण ४५० मिलिवॅट, पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. एचडी ६०० चं काम ८ मिलिअँपिअरमध्ये होतं. चढही मोठा, पाणीही भरपूर. बोटाएवढ्या डोंगलने इथे दम धरावा ही अपेक्षाच चूक. हौशी मंडळी हा हेडफोन थेट स्पीकरच्या ॲम्पला जोडतात ते उगाच नाही.

आणि भाचीच्या इअरफोनची जात? त्याच वर्गातला सर्वपरिचित नमुना घ्यायचा तर शुअरचा एसई ८४६. ९ ओहम, मिलिवॅटला ११४ डेसिबल. ११० डेसिबलला त्याला अर्धा मिलिवॅटही लागत नाही, व्होल्टचा सोळावा हिस्सा पुरतो. ही विहीर नव्हेच, हा काठोकाठ भरलेला माठ आहे. त्यात पाच एचपीची मोटर सोडली तर काय होणार?

त्या ‘स्स्स’चा हिशेबही यातच आहे. कोणताही ॲम्प स्वतःची थोडी खरखर करतोच. ती २० मायक्रोव्होल्ट आहे असं समजू. एवढी खरखर एचडी ६०० मधून ८ डेसिबलच्या आसपास निघते, म्हणजे ऐकूच येत नाही. एसई ८४६ सारख्या इअरफोनमधून तीच ४० डेसिबलच्या घरात जाते. कानाचं दार बंद करून बसलेल्या इअरफोनमध्ये चाळीस डेसिबल म्हणजे भाचीचा एसी. तंबोऱ्याची जवारी विरत जाते तिथे मागे हे सूं राहावं, याहून मोठा रसभंग मला तरी माहीत नाही.

नॉबचंही तसंच. छोट्या ॲम्पमधल्या फिरत्या नॉबचे डावे-उजवे दोन भाग अगदी सुरुवातीच्या फिरकीत क्वचितच जुळतात. संवेदनशील इअरफोन आपल्याला नेमकं त्याच कोपऱ्यात अडकवतो. ॲम्पवर ‘गेन’ची, म्हणजे आवाज किती पटीने वाढवायचा ते ठरवणारी, कळ असते ती यासाठीच. ती ‘लो’वर ठेवली की नॉब जरा पुढे फिरवता येतो, आणि अनेक ॲम्पमध्ये खरखरही कमी होते. माझी डबी त्या दिवशी ‘हाय’वर होती. कळ खाली केल्यावर कानांचा समतोल आला. एसी मात्र पूर्ण बंद झाला नाही.

इथवरचं सगळं आवाज लहान-मोठा होण्याबद्दल. पण चुकीची जोडी आवाजाचा स्वभावही बदलते, आणि बाजारात ‘हा ॲम्प उबदार’, ‘तो रूक्ष’ अशी जी विशेषणं फिरतात त्यांचं एक मूळ इथे आहे. ॲम्पच्या स्वतःच्या पोटातही थोडा अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. इमारतीत खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या शॉवरची धार मंदावते. टाकीतून निघणारा पाइपच अरुंद असला तर जास्तच. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा एखादा इअरफोन कुठे ५ ओहम, तर कुठे ३५. ॲम्पच्या पोटात १० ओहम असतील तर त्या दोन जागांच्या आवाजात सात डेसिबलहून जास्त फरक पडतो. एकच ओहम असेल तर सव्वा-दीडचा. सात डेसिबल म्हणजे गायक जागेवर आणि डग्गा शेजारच्या खोलीत, किंवा उलट. एचडी ६०० चा इम्पिडन्सही खालच्या सुरांत बराच वर चढतो, पण मुळातच तो शेकड्यांत असल्यामुळे त्याच ॲम्पवर फरक डेसिबलच्या दहाव्या भागाएवढा. प्लॅनर हेडफोनचा इम्पिडन्स तर जवळजवळ सपाट रेषेत असतो, त्याला याची पर्वाच नाही.

याचा सुरेख पुरावा अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने स्वतःच विकायला ठेवला होता. तिच्या ईआर-४ या नामांकित इअरफोनचे दोन अवतार होते. ‘पी’ २७ ओहमचा, ‘एस’ १०० ओहमचा. ‘पी’ला ७५ ओहमचा रेझिस्टर असलेली जोडतार लावली की तो ‘एस’सारखा वाजू लागे. आवाज लहान होई आणि वरचे सूर अधिक उजळत. आतला ड्रायव्हर तसाच. मध्ये आडवा पडलेला एक अडथळा सुरांचा तोल बदलतो, हे याहून सोपं करून कोण दाखवणार?

म्हणून ॲम्पचा हा अडथळा हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा आडाखा जाणकार देतात. ९ ओहमच्या इअरफोनला म्हणजे एक ओहमच्या आसपास. चमत्कारिक गोष्ट अशी की एके काळी हेडफोनच्या जोडणीसाठी १२० ओहम धरणारं आंतरराष्ट्रीय मानक होतं. त्या हिशेबाने बांधलेले जुने हेडफोन मोठ्या अडथळ्याच्या जॅकवर नीट वाजत, आणि तोच जॅक आजच्या इअरफोनचं वाटोळं करतो.

खिशातल्या ॲम्पचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो बराचसा हौशी लोकांनी घडवला. चू मॉय नावाच्या एका हौशी माणसाने अशा ॲम्पचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि लोकांनी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात, ट्रान्झिस्टरला लागतो तसला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल घालून घरोघरी ॲम्प बनवले. मग २०११ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओ-टू’ नावाचा आराखडा सगळ्या मोजमापांसह खुला केला. आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या जवळपास, खरखर नगण्य, सुटे भाग साधे. महागड्या यंत्रांच्या विक्रेत्यांना त्याने भरपूर चिडवलं आणि २०१२ मध्ये लिहिणं थांबवलं. तो कोण होता हे जाहीर झालेलंच नाही.

आज मात्र पुष्कळांना वेगळा ॲम्प लागतच नाही, हे विक्रेता सांगणार नाही म्हणून मी सांगतो. ॲपलने २०१६ मध्ये आयफोनचा जॅक काढला, पाठोपाठ इतरांनीही काढला, आणि डोंगल आले. त्या छोट्याशा तारेत बहुधा ॲम्प असतोच, आणि त्यातले काही साध्या इअरफोनला अगदी शांतपणे वाजवतात. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटात स्वतःचा ॲम्प असतो, त्याला बाहेरून आणखी एक जोडणं म्हणजे नळाला मोटर लावून माठ भरणं. नव्या डब्यांवरच्या ४.४ मिलिमीटरच्या ‘बॅलन्स्ड’ जॅकचं कौतुकही बेतानं करावं. त्यातून बहुधा दुप्पटीपर्यंत व्होल्ट मिळतात, ते माझ्या ३०० ओहमला कामाचे. भाचीला त्याबरोबर खरखर आणि पोटातला अडथळा वाढून मिळण्याचीच शक्यता जास्त.

दुकानात दोन ॲम्प ताडून पाहायचे असतील तर दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या. थोडा मोठा वाजणारा आपल्याला नेहमीच ‘जास्त खुला’ वाटतो, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. मग काही न वाजवता फक्त कान लावा, खरखर आहे का पाहा. नॉब अगदी कमीवर ठेवून दोन्ही कान तपासा. त्यानंतर गाणं, आणि तेही स्वतःच्या रोजच्या ओळखीचं.

एक काळजी मात्र खरी. ताकदवान ॲम्पवर आवाज फाटत नाही, म्हणून तो किती मोठा झालाय हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकता येतं, ९० वर फक्त चार. लोकलच्या खडखडाटावर मात करायला नॉब फिरवण्यापेक्षा कानात घट्ट बसणारं रबर शोधलेलं बरं, ते ॲम्पपेक्षा स्वस्तही पडतं.

भाची आता डोंगलवरच ऐकते. ती दणकट डबी माझ्या टेबलावर एचडी ६०० शेजारी असते, कळ पुन्हा ‘हाय’वर. परवा ती आली तेव्हा इअरफोन डबीजवळ नेले आणि विचारलं, ‘‘मामा, एसी बंद केलास का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ मग तिने माझा हेडफोन उचलला.