काळा, लाल की कोरा?

बोर्ली पंचतनच्या आमच्या घरी पाहुणा आला की आजीचा प्रश्न ठरलेला : "दुधाचा टाकू, की कोरा?" आपण या चहाचे नाव ठेवले ते दुधाच्या अभावावरून. इंग्रजांनी ठेवले कोरड्या पत्तीवरून, 'काळा चहा'; आणि चिनी लोकांनी कपातल्या रंगावरून, 'हुंगछा' म्हणजे लाल चहा. मला चिन्यांचे म्हणणे अधिक पटते. पण हिरव्या पानाला हे रंग येतात कोठून? पान भाजून करपवत असतील, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते. म्हणून आजी फोडी पाण्यात टाकते, हवा लागू देत नाही. चहाच्या कारखान्यात नेमके उलटे करतात. खुडलेली पाने १२ ते १८ तास पसरून मऊ पडू देतात, मग यंत्रात चुरगळतात. पेशी फुटून पानातला रस आणि विकरे एकत्र येतात, त्यांना हवेतला प्राणवायू मिळतो आणि हिरवे पान तासा-दोन तासांत तांब्याच्या रंगाचे होते. रसातल्या कॅटेचिन नावाच्या रंगहीन द्रव्यांपासून सोनेरी थिआफ्लेविन आणि तांबूस-तपकिरी थिआरुबिजिन तयार होतात. कपातला लाल रंग तो हाच. या क्रियेला 'आंबवणे' म्हणायची चाल आहे, पण इडलीच्या पिठासारखे जंतूंचे काम येथे नसते. शेवटी पत्ती गरम हवेत वाळवतात. विकरे निकामी होतात, हरितद्रव्य मोडून काळपट होते, रस पानावरच सुकतो. काळेपणा येतो तो येथे. हिरव्या चहाची विकरे वाफेने किंवा भाजून आधीच मारलेली असतात, एवढाच काय तो फरक.

कोऱ्या चहात लिंबू पिळले की तो फिका पडतो, कारण ही रंगद्रव्ये आम्लात फिकटतात. चहा पातळ झाला असे नव्हे.

मध्यंतरी आजीने बाजारातून सुटी पावडर आणली. "रंग बघ कसा झकास!" रंग गार पाण्यातही चटकन उतरला, तेव्हा मला शंका आली. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पावडर टाकली, तर लगेच लाल-पिवळे डाग उमटले. चांगली पत्ती असा घाईने रंग सोडत नाही. हा वरून चोळलेला रंग होता. पुडी केरात गेली. नव्या पत्तीचा चहा मात्र आजीला अजून 'पांढरट' लागतो!