देहातील बिनतारी दूत

रोग्याची नाडी पाहणे, छातीला नळी लावून ठोके ऐकणे, या देहाचे अंतरंग बाहेरून ओळखण्याच्या जुन्या रीती होत. परंतु कित्येक विकार असे लबाड असतात की, वैद्यासमोर ते दडून बसतात आणि मध्यरात्री डोके वर काढतात. तेव्हा देहाच्या आतच एखादा पहारेकरी बसवावा व त्याने वेळोवेळी बाहेर निरोप धाडावा, अशी कल्पना पुढे आली. असा पहारेकरी म्हणजेच देहात बसविलेला संवेदक.

हृदयाचे ठोके चालू ठेवणारे यंत्र देहात बसविण्याचे धाडस प्रथम स्वीडनमध्ये झाले. स्टॉकहोम येथील आर्ने लार्सन या गृहस्थांचे हृदय वारंवार थबके व ते बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नीने डॉक्टरांकडे आणि यंत्रज्ञांकडे सारखा धोशा लावला. अखेर रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाला ठोके देणारे एक छोटे यंत्र तयार केले आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी डॉ. ओके सेनिंग यांनी ते लार्सन यांच्या देहात बसविले. त्यासाठी साचा म्हणून बुटांच्या पॉलिशची डबी वापरली होती! कातडीतून तार बाहेर काढली, तर तिच्या वाटेने जंतू आत शिरतात. म्हणून आतील विद्युत्-घट कातडीवर वेटोळे ठेवून बाहेरूनच भरण्याची युक्ती योजली होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण नवनवी यंत्रे बसवीत बसवीत लार्सन २००१ सालापर्यंत जगले.

यंत्र आत बसले. आता त्याने बोलावे कसे? रेडिओची लहर हवेतून शेकडो कोस जाते, मग वीतभर देहातून बाहेर येणे ते काय कठीण, असे कोणासही वाटेल. परंतु मनुष्याच्या देहात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि ते पाणी खारट असते. खारट पाणी विजेचे वाहक आहे. रेडिओलहरीची शक्ती ते शोषून घेते व तिची उष्णता करून टाकते. समुद्रात बुडालेल्या पाणबुडीशी नेहमीच्या रेडिओने बोलता येत नाही, याचे कारणही हेच. छातीतील संवेदकाची स्थिती त्या पाणबुडीसारखीच असते.

लहरींची कंपनसंख्या जितकी अधिक, तितके हे शोषण सामान्यतः अधिक. आणि ती फार कमी करावी, तर लहर लांबते व तिला लांब आकाशक लागतो. नाण्याएवढ्या यंत्रात तो मावणार कोठे? म्हणून मधला मार्ग काढला गेला. १९९९ साली अमेरिकेने ४०२ ते ४०५ मेगॅहर्ट्झ हा पट्टा अशा यंत्रांना दिला. या पट्ट्यात हवामान मोजणाऱ्या फुग्यांवरील उपकरणेही बोलतात. म्हणजे आकाशातील फुगा आणि छातीतील यंत्र हे एकाच गल्लीतील शेजारी! गोंगाट होऊ नये म्हणून यंत्रांना केवळ २५ मायक्रोवॉट शक्तीची मर्यादा घातली आहे. घरातील ५ वॉटचा दिवा याच्या दोन लाख पट शक्ती घेतो.

आवाज वाढविण्यात आणखीही अडचणी आहेत. शक्ती वाढवली की भोवतालचे मांस तापते आणि घट लवकर संपतो. घड्याळातील घट दुकानात बदलता येतो. छातीतील यंत्राचा घट संपला, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून असे यंत्र आपला रेडिओ बहुधा बंद ठेवते, ठराविक वेळाने तो क्षणभर उघडते आणि कोणी हाक मारीत नसेल, तर पुन्हा मिटते.

एका संवेदकाने तर घटालाच रजा दिली आहे. २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला हा संवेदक हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत बसवितात. रुग्ण एका विशेष उशीवर निजतो. उशीतील आकाशक लहर सोडतो आणि संवेदक तिला प्रतिसाद देतो. तंबोऱ्याची तार ताणली की सूर बदलतो, तसा रक्ताचा दाब बदलला की या प्रतिसादाचा सूर बदलतो. हृदय दुबळे झालेल्या रुग्णाचे पाय सुजण्याच्या कित्येक दिवस आधी हा दाब वाढू लागतो. डॉक्टरांना ते घरबसल्या कळते आणि वेळीच औषध बदलता येते.

सर्वांत बिकट प्रश्न मात्र निराळाच आहे. बिनतारी निरोप परक्यालाही ऐकू जातो. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेतील मेजावर ठेवलेल्या हृदययंत्रातील माहिती परस्पर वाचून दाखविली. इतकेच नव्हे, तर त्याला विजेचा धक्काही द्यावयास लावले. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राचे बिनतारी दार २००७ सालीच बंद करून घेतले होते, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. मग दाराला भक्कम कुलूप घालावे, हे उघडच दिसते. परंतु परगावी रुग्ण बेशुद्ध पडला आणि तेथील डॉक्टरांजवळ किल्ली नसली, तर तेच कुलूप त्याच्या जिवावर बेतेल.

यावर राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली एक सुंदर उपाय सुचविला. दोन ठोक्यांमधील अंतर दर वेळी किंचित बदलते आणि तो बदल आधी सांगता येत नाही. डॉक्टरांनी आपले उपकरण रुग्णाच्या अंगाला टेकवावे. तेही ठोके मोजील आणि आतील यंत्रही मोजील. दोन्ही मोजमापे जुळली, तरच दार उघडेल. दूर उभ्या असलेल्या परक्यास ही किल्ली मिळू नये आणि रुग्णाच्या अंगाला हात लावणाऱ्या डॉक्टरांना ती तेथल्या तेथे मिळावी, अशी ही योजना आहे.