थेंबाएवढे घर

ज्या घरात उभे राहता येत नाही आणि ज्याचे स्वयंपाकघर पाठीमागचे झाकण उचलल्यावर उघड्या आकाशाखाली लागते, असले घर बांधण्यात कोणी तीन महिने घालवील काय? माझ्या भाच्याने घालवले. गेल्या उन्हाळ्यात गायनाच्या वर्गांच्या निमित्ताने मी अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे त्याच्याकडे राहिलो होतो. त्यामुळे हा सारा खटाटोप जवळून पाहावयास मिळाला, आणि थोडाफार हातभारही लावता आला. आपल्या वडोदऱ्यातील कितीतरी जुन्या घरांतली मुले आज तिकडे आहेत. त्यांपैकी एखाद्यास हे वेड लागलेच, तर आमच्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात, एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहीत आहे.

ह्या घरास तिकडे टिअरड्रॉप ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची ही लहानशी गाडी. बाजूने पाहिल्यास पुढे फुगीर आणि मागे निमुळती होत गेलेली, जणू आडवा पडलेला अश्रू. म्हणून हे नाव. माझ्या थोरल्या बहिणीस मात्र ते मुळीच रुचले नाही. “घराला कधी अश्रू म्हणतात का? थेंब म्हणा,” असे तिने बजावले, आणि गाडी पुरी होण्यापूर्वीच तिचे बारसे उरकले.

ही कल्पना काही नवी नव्हे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा गाड्या प्रथम दिसू लागल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर तर घरच्या घरी गाडी बांधण्याचे नकाशे व कृती ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’सारख्या मासिकांतून छापून येत. हातात हत्यारे धरण्याची सवय असलेला गृहस्थ सुटीच्या दिवशी आपल्या अंगणात ती गाडी उभी करी. तिची रूढ लांबी ८ फूट व रुंदी ४ फूट. ह्या मापामागे मोठे शास्त्र नाही. प्लायवूडचा तावच मुळी ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद मिळतो. एका तावाची एक बाजू, दुसऱ्याची दुसरी, तिसऱ्याची जमीन. कापाकापी कमी आणि वायाही फारसे काही जात नाही. पुढे मोठमोठ्या, उभे राहता येईल अशा गाड्या आल्या आणि ही धाकटी मागे पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी लोकांनी तिला पुन्हा जवळ केले.

भाच्याने हा उद्योग आरंभिला तो मात्र निव्वळ हौसेखातर नव्हे. भाऊजी गेल्यापासून ताई त्याच्याकडेच असते. त्याला रानावनात तंबू ठोकून राहण्याची आवड. पण ताईचे गुडघे दुखरे, जमिनीवर एकदा बसली की उठणे कठीण. “हॉटेलातच निजायचे, तर आपले घर काय वाईट?” असे म्हणून ती प्रत्येक सहलीस नकार देई. एकदा मात्र जेवताना तिने लहानपणच्या चांदोदच्या गोष्टी काढल्या. वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि स्टोव्ह घेऊन आम्ही सारे जात असू. रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर ओळीने अंथरुणे पडत, आणि नर्मदेवरून वारा येई. ते सांगताना तिचा चेहरा काही निराळाच दिसला. भाच्याने तेव्हा काहीच म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागद, पेन्सिल व फूटपट्टी घेऊन बसला. पहिले माप त्याने गाडीचे घेतले नाही. आईच्या खुर्चीचे घेतले. बिछान्याची उंची अशी हवी की, दारातून टेकून बसावे, पाय उचलून आत घ्यावेत आणि आडवे व्हावे. आई व सून अशा दोघींस ऐसपैस निजता यावे, म्हणून रुंदी त्याने ५ फूट धरली.

खालची लोखंडी चौकट, चाके व आस त्याने तयार विकत आणली, आणि प्रथमच काम करणाऱ्याने तेच करावे. लाकडातील चूक झाकता येते; वेल्डिंगमधील चूक रस्त्यावर प्रकट होते. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले की चौकट सरळ. बाजूंसाठी पाऊण इंच जाडीचे प्लायवूड घेतले. त्यावर खिळे ठोकून त्यांच्यामधून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवली आणि तिच्या कडेने गोलाई आखली. एक बाजू नीट कापून, घासून घेतल्यावर तीच दुसऱ्या तावावर शिकंज्यांनी आवळली व तिच्या बरहुकूम दुसरी काढली. दोन्ही बाजू स्वतंत्र आखल्या असत्या, तर छप्पर कधीच सरळ बसले नसते. छपरास आडव्या पट्ट्या, त्यांच्या मधल्या जागेत उष्णता अडविणारा फोम, त्यावर अगदी पातळ प्लायवूड, आणि सर्वांवर अॅल्युमिनियमचा पत्रा. पातळ प्लायवूडदेखील एका दिशेने सहज वाकते, दुसऱ्या दिशेने कुरकुरते. गरम पाण्याने भिजवले म्हणजे पुष्कळ ऐकते.

वाकवताना उपयोगी पडणारे हेच पाणी पुढे गाडीचे मोठे वैरी होते. प्लायवूडची कापलेली कड स्पंजासारखे पाणी पिते, आणि वर्षा-दोन वर्षांत आतून कुजू लागते. म्हणून जोडणीपूर्वीच प्रत्येक कडेस व स्क्रूच्या प्रत्येक भोकास इपॉक्सी पाजावे लागते. हवेचे भानही तितकेच ठेवावे लागते. एवढ्याशा जागेत दोन माणसे निजली की त्यांच्या श्वासानेच भिंती ओलावतात. छपरात झरोका व दारांना जाळीच्या खिडक्या हव्यातच. आणि शेगडी कितीही लहान असली, बाहेर कितीही थंडी असली, तरी ती निजण्याच्या जागेत कदापि पेटवू नये. कोंडलेल्या जागेत तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. स्वयंपाकघर मागे, बाहेरच्या बाजूस ठेवण्यात मोठाच शहाणपणा आहे.

आमची पहिली फजिती ह्या मागच्या झाकणानेच केली. गाडीवरच वाकवून, चिकटवून ते सुरेख बसवले होते. शिकंजे सोडले मात्र, आणि झाकण किंचित सरळ झाले. खाली अर्धा इंच फट पडली. भाचा डोक्यास हात लावून बसला. मी त्याला म्हटले, “अरे, नवी तार चढवताना आम्ही ती स्वरापेक्षा जरा चढीच ठेवतो, ती उतरणार हे ठाऊकच असते.” दुसऱ्या खेपेस त्याने झाकणाच्या फासळ्या मूळ गोलाईहून थोड्या अधिक वाकड्या कापल्या आणि चिकटवणूक पुरती वाळेतो शिकंज्यांना हात लावला नाही. मग झाकण सोडले, ते बरोबर आपल्या जागी येऊन बसले.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. गाडी पुरी झाली, दिवे लागले, दांडीखाली सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींना छेदून अडकवल्या, सामान भरले. हॉकिंग हिल्स येथील जागा शनिवारसाठी राखून ठेवली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी व भाचा रिकाम्या हमरस्त्यावर चाचणी घेण्यास निघालो. ताशी ५० मैलांपर्यंत सारे ठीक होते. ५५ च्या सुमारास पाठीमागून कोणी मोटारीची शेपटी धरून हलवावी तसे झाले. गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेस अधिक. भाच्याने ब्रेकवर पाय दिला नाही, चाकही फिरवले नाही. वेग देणे थांबवून चाक सरळ धरून ठेवले. हळूहळू थेंब शांत झाला. आम्ही दोघेही घामाने भिजलो होतो.

घरी येताच तो म्हणाला, “सावकाश नेऊ. पन्नासच्या वर जायचेच नाही. जागेचे पैसे भरले आहेत, रजा मिळाली आहे, आईची तयारी झाली आहे.” मी गप्प राहिलो, भाच्याचा विरस करणे मलाही जड जात होते. ताई ओट्याजवळ डबे भरीत होती. तिने विचारले, “मागे काय काय भरलेय?” भाच्याने यादी सांगितली: बर्फाची पेटी, शेगडी, भांडी, बॅटरी, आणि तळाशी जास्तीचे चाक. “मग गाडी उलाळ झाली असेल,” ताई म्हणाली.

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, बैलगाडीत मागे ओझे अधिक झाले की पुढची दांडी वर उचलली जाई, जू बैलांच्या मानेवर ठरत नसे. मग गाडीवान ओरडे, “पुढं सरका, गाडी उलाळ झालीया!” आणि आम्ही पोरे पुढे सरकत असू. त्या गाडीवानाने जो नियम सांगितला, तोच ट्रेलरच्या विद्येतही आहे. गाडीच्या एकंदर वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या गोळ्यावर यावा. त्याहून कमी झाला की वेगात गाडी शेपटीसारखी हलू लागते. फार अधिक झाला तर मोटारीची पाठ दबते. भाच्याला हा नियम ठाऊक होता. रिकाम्या गाडीचा भार त्याने मोजलाही होता. सामान भरल्यावर मोजण्याचे राहून गेले होते.

“आई, पण उद्या...” त्याने सुरुवात केली. ताईने डब्याचे झाकण लावले. “माझ्यासाठी तीन महिने घालवलेस ना? मग आणखी एक आठवडा घालव. मी कुठे पळून जात नाही.”

शनिवारची जागा सोडून दिली. मालवाहू गाड्यांच्या काट्यावर सामानासह वजन भरले ११८० पौंड, म्हणजे सुमारे ५३५ किलो. मग घरातला माणसे तोलण्याचा काटा दांडीखाली, मोटारीच्या गोळ्याच्या उंचीवर ठेवला. तो ६० पौंड दाखवू लागला, म्हणजे जेमतेम ५ टक्के. बॅटरी व जास्तीचे चाक मिळून ८० पौंडांचे ओझे मागून काढून पुढे दांडीवर बसवले. एकंदर वजन तेवढेच राहिले. पण काटा १४० च्या आसपास गेला, म्हणजे सुमारे १२ टक्के. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी पुन्हा नेली. ती मागे आहे हे आरशात पाहिल्यावाचून कळेना.

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. हॉकिंग हिल्स कोलंबसहून मोटारीने तासाभराच्या वाटेवर. वालुकाश्माच्या घळी, गुहा, धबधबे आणि दाट झाडी असलेला हा प्रदेश. तेथील काळोख इतका चांगला की २०१८ साली तेथे आकाशदर्शनासाठी एक खगोलउद्यानही उघडले आहे. रात्री ताई थेंबाच्या दारात टेकून बसली, पाय उचलून आत घेतले आणि आडवी झाली. भाचा हे सारे दूर उभा राहून पाहत होता. तिने झरोका उघडा ठेवण्यास सांगितले. मी व भाचा तंबूत गेलो. बऱ्याच वेळाने आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता, त्यात दोनदा ‘चांदोद’ ऐकू आले.

सकाळी आम्ही उठण्यापूर्वीच मागचे झाकण उघडलेले होते, आणि शेगडीवर चहा उकळत होता. ताई ओट्याची लांबी वितीने मोजत होती.

“सगळे चांगले केलेस रे,” ती भाच्याला म्हणाली, “फक्त पोळपाट ठेवायला जागा ठेवली नाहीस. पुढच्या खेपेला लक्षात ठेव.”