बांद्याहून रेल्वे गाठताना

बांद्याला स्वतःचं स्टेशन नाही. जवळचं मडुरे, कोकण रेल्वेचं महाराष्ट्रातलं शेवटचं; पुढे पेडणे, म्हणजे गोवा. मुंबईच्या गाड्यांसाठी मात्र बहुतेकांना मळगावचं सावंतवाडी रोडच गाठावं लागतं. पावसाळ्यात जुनं वेळापत्रक मनातून काढून टाका: 2025मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर वेगळ्या वेळा होत्या, त्याआधी ही मुदत 10 जून ते 31 ऑक्टोबर असे. मुसळधार पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर येतो. तो उशीर सोसावाच. जुलै 2024मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूकच थांबली होती. दुचाकी रात्रभर ठेवणार असाल, तर स्टेशनवर आधी विचारा. झाडाखाली मुळीच लावू नका.