भागभांडवलात सरकारची भर

शेतमाल पिकविणाऱ्यास त्याचा भाव ठरविण्याचा अधिकार नसावा, या विसंगतीचे मूळ शेतकऱ्याच्या अज्ञानात नसून त्याच्या निकडीत आहे; कारण ज्याच्यापाशी कोठार नाही, प्रतवारीचे यंत्र नाही आणि सावकाराची मुदत मात्र भरत आली आहे, तो अडत्याच्या दारी मिळेल त्या दरास रुकार देतो. २००२ च्या कायदेदुरुस्तीने उत्पादकांच्याच मालकीच्या कंपनीस मान्यता मिळाली खरी, परंतु मालकीच्या दस्तऐवजाने गोदाम उभे राहत नाही.

म्हणून २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आखली, तेव्हा प्रत्येक संस्थेस तीन वर्षांत व्यवस्थापनखर्चापोटी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, आणि सभासदांनी भरलेल्या भागरकमेइतकीच, दरडोई २,००० व एकंदर १५ लाखांच्या मर्यादेत, भर घालण्याची तरतूद केली. शिवाय दोन कोटींपर्यंतच्या कर्जास हमीची सोय ठेवली. सहकारी साखर कारखान्यांत सरकार स्वतःच भागधारक होऊन बसत असे (आणि त्या पाठोपाठ राजकारणही!); येथे मात्र रक्कम अनुदानाची, व मालकी शेतकऱ्याची.

अनुदानावर केवळ पगार निघाले, तर मुदत सरताच दप्तर गुंडाळावे लागते. त्यातून भांडवल साचले, तर सुगीच्या गर्दीत सोयाबीन न विकता गोदामात ठेवून तारणकर्ज काढता येते, आणि सौदा कोणत्या दिवशी करावयाचा, हे उत्पादक ठरवितो.