अल्प मात्रेचे औषध आणि सरकारची जबाबदारी

शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी लढत असते. पण तिच्या टी-पेशींना आवरणारा ‘पीडी-१’ हा नैसर्गिक लगाम कर्कपेशी स्वतःच्या बचावासाठी वापरतात. असे लगाम सैल करणाऱ्या उपचारपद्धतीच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. भारतात मात्र ही औषधे मोजक्यांनाच परवडतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने यातून वाट काढली. निव्होलुमॅब हे औषध अल्प मात्रेतही पीडी-१ला व्यापते, हे ठाऊक होते. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला स्वस्त गोळ्या-औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले गेले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्या-औषधांच्या गटात १६.३ टक्के होते. या गटात ते ४३.४ टक्के झाले.

ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे खरे. पण ती करणार कोण? औषध कमी खपावे, यासाठी कोणतीही कंपनी पैसे खर्च करणार नाही. म्हणून माझ्या मते हा खर्च सार्वजनिक निधीतूनच झाला पाहिजे आणि सिद्ध झालेली मात्रा सरकारी आरोग्य विम्यात आली पाहिजे. मी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधून हे लिहितो आहे. सलाइनमधून देण्याचे हे औषध माझ्यासारख्यांच्या गावीही देता येईल. अडसर अंतराचा नाही, किमतीचा आहे.