डोरेमॉनचा आवाज नेमका कुणाचा?

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी राहते. हुशार, बडबडी, पण आवाज मात्र घोगरा. अगदी लहानपणापासून. डॉक्टरांना दाखवून झालंय, त्यांनी घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलंय. पण वर्गातल्या मुलांना कोण सांगणार? ती तिला 'ए दादा' अशी हाक मारतात. यंदा गॅदरिंगच्या निवेदनासाठी तिनं हौसेनं नाव दिलं, तर बाई म्हणाल्या, "तू आपली नाचात भाग घे, ते बरं." झालं! तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडेना. तिची आई मला जिन्यात भेटली आणि सांगता सांगता रडायलाच लागली.

मी काय समजूत घालणार, कपाळ? पण त्या संध्याकाळी कुकर लावताना मला एकदम डोरेमॉन आठवला. हसू नका मैत्रिणींनो, खरंच आठवला!

२००५ साली हंगामा वाहिनीवर हा निळा बोका आला तेव्हा माझा मुलगा लहान होता. शाळेतून आला की दप्तर सोफ्यावर आणि हा टीव्हीसमोर. पोळ्या लाटता लाटता मी डोरेमॉन 'पाहिला' कधीच नाही, पण 'ऐकला' मात्र शेकडो वेळा. नोबिताचं रडगाणं, जियानची दमदाटी, आणि त्या सगळ्यांवर डोरेमॉनचा तो जरासा नाकातला, वैतागलेला पण मायाळू आवाज. मला वाटायचं, कुणीतरी मोठा पुरुष आवाज बदलून बोलत असेल, नाहीतर यंत्राची काही करामत असेल. मग एकदा कळलं की हिंदीतला हा आवाज सोनल कौशल नावाच्या मुलीचा, आणि तिनं हे काम सुरू केलं तेव्हा ती होती अवघी तेरा वर्षांची! म्हणजे माझ्या घरात जो रोज माझ्या मुलाला 'अभ्यास कर' म्हणून सांगत होता, तो बोका खरं तर आठवी-नववीतली पोर होती.

मग या आवाजांच्या मागेच लागले. आणि जपानातली गोष्ट कळली ती तर आणखीनच मजेशीर.

फुजिको एफ. फुजिओ यांनी डोरेमॉन कागदावर आणला १९६९ च्या शेवटी. टीव्हीवर तो पहिल्यांदा बोलला १९७३ मध्ये, आणि तेव्हा आवाज होता कोसेई तोमिता या पुरुष कलाकाराचा. मालिका जेमतेम सहा महिने चालली, त्यातही निम्म्यावर आवाज बदलून मासाको नोझावा या बाईंना आणलं. या नोझावाबाई म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा गोकू बरं का! तो आडदांड, पिळदार दंडांचा गोकू १९८६ पासून एका बाईच्या गळ्यातून बोलतोय.

डोरेमॉनला त्याचा खरा आवाज मिळाला तो १९७९ मध्ये, नोबुयो ओयामांचा. आणि इथेच मला आमच्या दुसऱ्या मजल्यावरची पोर आठवली. कारण ओयामाबाईंचा आवाज असाच घोगरा होता. शाळेत असताना मुलं इतकी चिडवायची की त्यांनी बोलणंच टाकलं होतं. त्यांच्या आईनं मात्र त्यांना गप्प बसू दिलं नाही. आवाज वेगळा आहे म्हणून लपवत बसलीस तर आणखीनच बिघडेल, तेव्हा ज्यात आवाज वापरावा लागतो असंच काहीतरी कर, असं तिचं म्हणणं. मग ओयामा शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात गेल्या. त्यांनी डोरेमॉनचा आवाज काढला, तेव्हा खुद्द फुजिको म्हणाले की, 'अच्छा, डोरेमॉनचा आवाज असा होता तर!' ज्यानं तो बोका काढला, त्यालाही तोवर तो ऐकू आला नव्हता!

मी यूट्यूबवर तिघींचे तुकडे एकामागोमाग एक ऐकले. जपानी ओ की ठो कळत नाही, पण स्वयंपाकघरातून ऐकायची सवय असल्यानं माझं काही अडलं नाही. ओयामांचा डोरेमॉन वयानं मोठा वाटतो. शेजारच्या आजीसारखा, 'काय रे बाबा पुन्हा केलंस' म्हणणारा. आवाजाला खाली एक खर आहे, गुळाच्या ढेपेसारखी. हा यंत्रमानव मुलाला सांभाळायला पाठवलाय, तेव्हा तो अदबीनंच बोलेल, असं ओयामांनीच ठरवलं होतं म्हणे. २००५ मध्ये वासाबी मिझुता आल्या, त्यांचा डोरेमॉन हलका, चटपटीत, नोबिताच्याच वयाचा वाटतो. तो रागावला तरी भावंडांचं भांडण वाटतं. आणि आपली सोनल? ती दोघींच्या मधे कुठेतरी. मोठ्या ताईसारखी. लाडही करते आणि टोमणाही मारते. माझं मत विचाराल तर ओयामाच. पण माझ्या मुलाला ते पटत नाही. "आई, डोरेमॉन हिंदीतच बोलतो!" असं तो ठासून सांगतो. आता नोकरीला लागलाय, तरीसुद्धा.

गंमत म्हणजे, आपल्याकडे आधी १९७९ च्या मालिकेतले भाग आले आणि नंतर २००५ च्या. दोन्हींत हिंदी आवाज सोनलचाच. म्हणजे तिकडे जपानात एप्रिल २००५ मध्ये पाचही मुख्य पात्रांचे आवाज एका फटक्यात बदलले, सव्वीस वर्षांच्या सवयीला धक्का बसला, आणि इकडे कल्याण-डोंबिवलीतल्या पोरांना त्याचा पत्ताही नाही! तिकडच्या नव्या जियानचा आवाज देणारा मुलगाही तेव्हा चौदा वर्षांचा होता. एकाच वर्षी तिकडे चौदाचा जियान आणि इकडे तेराचा डोरेमॉन.

माझ्या कल्याणच्या सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? टेकाडे भावजींच्या जागी दुसरा कुणी बोलला असता तर आम्ही रेडिओ बंद केला असता." आकाशवाणी मुंबईचं 'पुन्हा प्रपंच' त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे प्रभाकर जोशी. या तिघांचे चेहरे पाहिले नसतील, पण वाड्यात ते घरच्यासारखे. मीनावहिनींनी भाजीत मीठ जास्त घातलं तरी यांना हळहळ वाटायची! मला वाटतं सासूबाईंचं बरोबर आहे. चेहरा बदलला तर आपण म्हणतो, नवीन नट आला. आवाज बदलला तर वाटतं, माणूसच गेला.

हिंदी डोरेमॉनची दुसरी बाजूही आहे, ती आपण आया विसरणार नाही. मुलं घरात हिंदीत भूक मागायला लागली होती! मराठी शाळेत जाणारा माझा मुलगा 'मम्मी, चलो भी' म्हणायचा. बांगलादेशात तर याच कारणानं २०१३ मध्ये सरकारनं हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली. बंदी वगैरे मला पटत नाही. पण तेरा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात केवढी ताकद होती बघा! आणि ते हिंदी कानाला खटकायचं नाही, त्याला कारण आहे. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा चढ-उतार ओठांवर बराचसा बसतो.

ओयामाबाईंनी डोरेमॉन सोडल्यावर पुढे काय केलं? तर एका व्हिडीओ गेममध्ये खलनायक! 'डांगानरोनपा' नावाचा गेम २०१० मध्ये आला. त्यात मोनोकुमा नावाचं अर्धं पांढरं, अर्धं काळं अस्वल शाळेतल्या मुलांना एकमेकांच्या जिवावर उठायला लावतं, आणि त्याचा आवाज ओयामांचा. ज्या आवाजानं एका पिढीला झोपवलं, त्याच आवाजात ही धमकी. माझ्या अंगावर काटाच आला. पुढे २०१६ पासून मोनोकुमाचा आवाज ताराको या दुसऱ्या कलाकार बाईंनी दिला. ओयामांना विस्मरणाचा आजार झाल्याचं त्यांच्या यजमानांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं.

२०२४ हे वर्ष मात्र या आवाजांना वाईट गेलं. मार्चमध्ये ताराको गेल्या. जुलैमध्ये नोरिको ओहारा गेल्या, जुन्या नोबिताचा आवाज. त्यांनी १९७३ च्या मालिकेत नोबिताच्या आईचा आवाज दिला होता, म्हणजे आधी आई आणि मग मुलगा! आणि सप्टेंबरमध्ये ओयामा. वय वर्षं नव्वद.

तर त्या संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. पोरगी पलंगावर पाठ करून पडली होती. मी काही न बोलता मोबाईलवर ओयामांचा डोरेमॉन लावला. थोडा वेळ गेला, मग ती उठून बसली.

"काकू, ही बाई आहे?"

"बाईच."

"पण हिचा आवाज माझ्यासारखाच आहे."

मग तिनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आणखी एकदा. चौथ्या वेळी ती त्या आवाजाबरोबर पुटपुटायला लागली. जपानीचा एक शब्द कळत नसताना, तस्सा तो चढ, तस्सा तो उतार. आतून तिची आई ओरडली, "अगं, टीव्ही बंद कर, ताटं घ्यायची आहेत!"